तेलाच्या हिशेबातून निघालेला अर्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्रभूच्या प्रार्थनेवरचा, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवरचा, लेख वाचला. लेख तळमळीने लिहिला आहे, पण त्यातले एक विधान खोडणे भाग आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ यातल्या ‘रोजची’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ हा शब्द आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसने (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्राचीन लेखाने) त्याचा अर्थ कायमचा पक्का केला, असे लेखक म्हणतात. तो पुरावा केव्हाच निकालात निघाला आहे.

धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बायबलातल्या नव्या कराराचे ग्रीक शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, आणि दर वर्षी हा शब्द आला की वर्ग रंगायचा. शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) मत्तय ६:११ आणि लूक ११:३, एवढ्या दोनच ठिकाणी तो येतो. या प्रार्थनेशी संबंध नसलेल्या प्राचीन ग्रीक लेखनात त्याचा खात्रीचा एकही दाखला नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन ग्रीकमध्येच वाढलेला. तोही म्हणतो की हा शब्द ना विद्वानांच्या लिहिण्यात आहे ना लोकांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा.

म्हणूनच इजिप्तमधल्या हवारा इथल्या पुरातत्त्वज्ञ पेट्री यांच्या उत्खननातली पपायरसवरची खर्चाची एक यादी अभ्यासक सेस यांनी १८८९ मध्ये छापली आणि तीत ‘एपिऊसि…’ अशी अक्षरे वाचली, तेव्हा अभ्यासकांना घबाड मिळाल्यासारखे झाले. खर्चाच्या यादीत आला म्हणजे अर्थ ‘रोजचा शिधा’ हे ओघानेच आले. पुढे मूळ तुकडाच गहाळ झाला, पण अर्थ कोशांतून फिरत राहिला. १९९८ मध्ये तो तुकडा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला. नव्याने वाचला तर तिथे ‘एलाइऊ’ निघाले, म्हणजे तेल! आपल्या लेखकांच्या हाती बहुधा एखादा जुना कोश असावा.

मग उरते काय? शब्दाची फोड. ‘एपि’ हा उपसर्ग आणि ‘ऊसिया’ (अस्तित्व) अशी केली तर ‘जगण्यापुरती’. पण स्वरापुढे ‘एपि’मधला ‘इ’ सहसा गळतो, त्या न्यायाने ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. दुसरी फोड ‘एपिऊसा’ या रूपावरून, ‘येणारा दिवस’. नव्या करारातल्याच प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये प्रेषित पौल ‘दुसऱ्या दिवशी’ नियापलीस गेला, तिथे हेच रूप आहे आणि ‘इ’ शाबूत आहे. माझा कौल हिला. यावर वर्गात एखादा हुशार हात हमखास वर यायचा: ‘सर, मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात चौतिसाव्या ओवीत उद्याची चिंता करू नका म्हटलंय, मग उद्याची भाकर आज कशी मागायची?’ पहाटे प्रार्थना करणाऱ्याचा येणारा दिवस म्हणजे आजचाच, असे मी सांगत असे. पोराचे समाधान व्हायचेच असे नाही, आणि त्याचा आक्षेप पोकळही नव्हता.

लूकमध्ये तर याच शब्दाशेजारी ‘दिवसेंदिवस’ असे स्वतंत्र पद आहे. तिथे एपिऊसिओसचाही अर्थ ‘रोजची’च घेतला, तर ‘रोजची भाकर रोज दे’ अशी द्विरुक्ती होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचे लॅटिन भाषांतर करताना ख्रिस्ती विद्वान जेरोमलाही एका अर्थावर ठरता आले नाही. लूकमध्ये त्याने ‘कोतिदियानुम’ म्हणजे रोजची ठेवले आणि मत्तयात त्याच ग्रीक शब्दासाठी ‘सुपरसुबस्तान्तिआलेम’, साधारण ‘भौतिकापलीकडची’, असे अवजड विशेषण योजले.

मराठी बायबलातले ‘रोजची’ बदला असे माझे म्हणणे नाही. जेरोमचे ते जडजंबाल विशेषण मत्तयात छापलेले असूनही लॅटिन उपासनेत भाविक ‘कोतिदियानुम’च म्हणत आले. फक्त लेखमालेच्या पुढच्या भागात पपायरसचे विधान मागे घ्यावे. प्रवचनासाठी वृत्तपत्रातली कात्रणे जपून ठेवणारे पाळक आजही आहेत, त्यांच्या वहीत ते तेल जायला नको.

आपला,
एक निवृत्त ग्रीक शिक्षक