वाचता येत नाही म्हणजे ठरवता येत नाही?

संपादक महोदय,

2016च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही (वाचन, लेखन वा गणित शिकण्यातली अडचण, उदा. डिस्लेक्सिया) समावेश केला. प्रमाणपत्रासाठी वाचन, लेखन, गणित तपासणे योग्यच. पण प्रौढ विद्यार्थ्याची स्वनिर्णयक्षमता छापील प्रश्नावली हातात देऊन तपासली, की घोळ होतो. डिस्लेक्सिया असलेला पंचविशीतला तरुण अडखळतो वाक्य वाचताना, आणि अहवालात शेरा पडतो, ‘निर्णय घेता येत नाही’.

प्रत्येक विधान मोठ्याने वाचून दाखवावे, हवे तर दोनदा. कोणत्या भाषेत, हे आधी विचारावे. इंदुरात घर मराठी आणि शाळा हिंदी हा नेहमीचाच मामला. ‘मी माझे निर्णय स्वतः घेतो’ याला नुसते ‘हो’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ. त्यापेक्षा ‘हा मोबाइल कुणी पसंत केला? तुम्हाला दुसरा हवा होता का?’ असे विचारावे. थोड्या वेळाने पर्यायांचा क्रम उलटा करून पाहावा. उत्तर फिरले तर त्या प्रश्नाला गुण देऊ नयेत. वीसेक मिनिटांनी थांबावे. आईवडिलांना मात्र बाहेरच बसवावे, नाहीतर प्रत्येक उत्तराआधी नजर त्यांच्याकडे जाते.

शिवाय एक खरे काम द्यावे. उदाहरणार्थ, राजवाड्याहून सिटी बसने विजयनगरला जाऊन येणे. तपासणाऱ्याने अंतर राखून मागे राहावे. प्रत्येक टप्प्यापुढे नोंद करावी: स्वतः केले, खुणेवरून केले, सांगितल्यावर केले, की करून द्यावे लागले. चुकीच्या बसमध्ये चढला म्हणून गुण कापू नयेत. चूक कळल्यावर काय केले, ते लिहावे. घरी फोन लावला तरी ‘कुठे उतरू?’ आणि ‘घ्यायला या’ यांत फरक आहे.

स्वनिर्णयक्षमता मोजणाऱ्या अमेरिकेतील ‘एआयआर’ मापनीत कुवत आणि संधी यांचे गुण वेगळे धरतात. आपल्याकडे तर हे फारच गरजेचे आहे. पासबुक वडिलांच्या कपाटात, एटीएमचा पिन आईकडे, आणि पैशांच्या व्यवहारात शून्य मुलाला! ते शून्य घराच्या खात्यावर टाकायला हवे.

अहवाल पालकांच्या हाती देण्याआधी विद्यार्थ्याला वाचून दाखवावा, न पटलेला मुद्दा त्याच्याच शब्दांत खाली नोंदवावा आणि तीन महिन्यांनी तेच काम पुन्हा देऊन पाहावे.

– काही विशेष शिक्षक, इंदूर