‘रन’ समजावणाऱ्या बाईंना, अंबडच्या शॉपमधून

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. संध्याकाळच्या वर्गात तुम्ही इंग्रजीतलं ‘रन’ शिकवलंत, ते नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये रोज कामाला येतंय. म्हणून हे जाहीर आभार.

याआधी भरमसाट फी घेणाऱ्यांनी काय दिलं? ‘रन म्हणजे पळणे, रन-रॅन-रन’, घ्या पाठ करून. उरलेला वेळ इंटरव्ह्यूत कसं हसायचं त्यात. मग कुणी ‘मशीन इज वॉकिंग’ म्हणालं तर दोष कुणाचा? मराठीत मशीन, दुकान, एसटी सगळं चालतं, गोदावरी वाहते, रस्ता जातो, कापडाचा रंग जातो. इंग्रजी हे सगळं एकट्या ‘रन’च्या गळ्यात घालते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत म्हणे. तुम्ही कोश बाजूला ठेवलात आणि विचारलंत, वाक्यात कर्ता कोण?

तिथून गाठ सुटली. टूल गार ठेवणारं ‘कूलंट संपलं’ हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. कर्ता माणूस असेल तर ‘वी रॅन आउट ऑफ कूलंट’, इथे ‘ऑफ’ हवंच. कर्ता कूलंट असेल तर ‘द कूलंट रॅन आउट’, इथे ‘ऑफ’ लावायचं नाही. संपत आलंय पण अजून आहे, तेव्हा ‘रनिंग लो’. शिफ्ट बदलताना वहीत ‘रॅन आउट’ आणि ‘रनिंग लो’ची गल्लत झाली तर पुढचा माणूस विनाकारण मशीन थांबवतो. ‘हॅव’, ‘हॅज’च्या नंतर ‘रॅन’ कधीच येत नाही, ‘हॅज रन’च. ‘रन इट बाय द सुपरवायझर’ म्हणजे साहेबांना आधी दाखवा, त्यांनी मशीन चालवायची नाही. आणि ‘रन ओव्हर’ला यादी असेल तर नुसती नजर फिरवायची, माणूस असेल तर तो गाडीखाली गेला!

‘ड्राय रन’ तर जपूनच. त्यात जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कापायचा नसतो. टूल जॉबपासून वर उचलून किंवा जॉब न लावताच प्रोग्रॅम फिरवून बघायचा. बऱ्याच मशीनच्या कंट्रोलवर ‘ड्राय रन’चं बटण चालू असताना प्रोग्रॅममधली फीड, म्हणजे टूल सरकण्याचा ठरवलेला वेग, लागू होत नाही, टूल भलत्याच वेगाने सरकतं. बटण तसंच राहिलं आणि जॉब लावला की टूल तुटलंच.

पण बाई, आभार खरे ‘रनआउट’चे. क्रिकेटमधला नव्हे, शाफ्टचा, म्हणजे फिरताना दांडा किती डगमगतो तो. तो शब्द निघाला तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, “हा मला येत नाही, तुम्ही सांगा.” मशीन लावून देणारा नववी नापास सेटर बोलत होता: मॅग्नेटिक स्टँडवर मापाचा डायल लावायचा, टोक शाफ्टला टेकवायचं, शून्य करायचं, हाताने सावकाश एक पूर्ण फेरी द्यायची, काटा सगळ्यात वर गेला आणि सगळ्यात खाली आला, त्यातलं अंतर म्हणजे रनआउट. तुम्ही पेन काढून ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलंत. मध्येच थांबवून विचारलंत, “शाफ्ट धरणाऱ्या चकपासून किती लांब टेकवायचा?” शिकवणारा माणूस शिकणाऱ्याचं लिहून घेतो, हे त्या सेटरने पहिल्यांदा पाहिलं. शॉपमध्ये त्याला ‘ए’ म्हणून हाक मारतात. तुम्ही ‘अहो’ म्हणालात. चांगुलपणाला काही खर्च येत नाही, तरी तो इतका कमी का दिसतो, कोण जाणे.

चकपासून किती लांब, याचं उत्तर तेव्हा अर्धंच राहिलं होतं. चकजवळ एकदा आणि मोकळ्या टोकाकडे एकदा, असं दोन्हीकडे बघायचं. चकजवळ काटा स्थिर आणि टोकाला हलतोय, तर शाफ्ट वाकडा आहे किंवा तिरका धरलाय. दोन्हीकडे सारखाच हलला तर शाफ्टचं केंद्र सरकलंय. डायलने 20 मायक्रॉन दाखवले तर सरकलेलं असतं 10, कारण काटा दोन्ही बाजूंचं मिळून दाखवतो. वहीत तेवढं जोडून घ्या.

तुमचे,
संध्याकाळच्या वर्गातले सगळे