जुना स्पेक्ट्रम थेट प्लगला लावू नका

संपादक महोदय,

माळ्यावरचे जुने संगणक खाली काढा आणि ‘चालतात का बघा’, असा सल्ला रविवारच्या पुरवणीतील लेखात आहे. झेडएक्स स्पेक्ट्रमच्या बाबतीत तरी तो महागात पडेल. १९८२ चे हे ब्रिटिश मशीन. त्याची ‘प्लस’ आवृत्ती परवाना घेऊन आपल्याकडेही विकली गेली.

त्याला ९ व्होल्ट डीसी, सुमारे १.४ अँपिअर लागतात, पण पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन. हल्लीच्या राउटरच्या अडॉप्टरमध्ये सहसा नेमके उलटे असते. पिन मात्र चपखल बसते, हीच पंचाईत!

त्यानंतर आतले व्होल्टेज. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिप्सना +५, +१२ आणि -५ असे तिन्ही लागतात. -५ गेले आणि बाकीचे चालू राहिले, की चिप तापून मरते. पडद्यावर नुसते पट्टे दिसले, की कारागीर आधी मेमरी बदलतात आणि नवी चिपही जाते. म्हणून आयसी ६ ते १३ (याच मेमरीच्या चिप्स) पैकी कोणत्याही एकीवर मल्टिमीटर लावा: पिन १ वर -५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५. मोजले की लगेच बंद. आकडे चुकले तर टीआर४ हा ट्रान्झिस्टर (झेडटीएक्स ६५०), शेजारचा टीआर५ आणि कॉइल तपासा. चालू मशीनमधून जॉयस्टिकचा इंटरफेस ओढून काढला, की मागचे संपर्क एकमेकांना टेकतात आणि पहिला बळी बहुधा टीआर४ चाच जातो.

वरच्या ३२के मेमरीची गंमत वेगळी. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीने अर्ध्या सदोष निघालेल्या ६४के चिप्स स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा भाग कोणता, हे बोर्डावरच्या तारेच्या जोडणीने ठरवले. त्यामुळे आठही चिप्स एकाच अर्ध्याच्या हव्यात. तशा मिळत नसतील तर पूर्ण चांगली ४१६४ चालते, पण १२८-सायकल रिफ्रेशचीच (रिफ्रेश म्हणजे मेमरीतली माहिती पुसली जाऊ नये म्हणून ती पुन्हा पुन्हा ताजी करणे) घ्या. झेड-८० हा यातला प्रोसेसर एवढेच रिफ्रेश करतो.

काही दोष मात्र रॉममध्येच, म्हणजे कारखान्यातच कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅममध्येच, आहेत. तिथे सोल्डरिंग करून उपयोग नाही. बेसिक भाषेत ‘प्रिंट इंट -६५५३६’ लिहा, उत्तर -१ येते. ‘इफ "अ" = स्क्रीन$(०,०)’ ही तुलना तर काहीही असले तरी खरीच ठरते, कारण पडद्यावरचे अक्षर वाचणारी ‘स्क्रीन$’ ही आज्ञा ते अक्षर स्टॅकवर (हिशेबाच्या तात्पुरत्या जागेत) दोनदा ठेवते. आधी ‘लेट’ने चलात घेऊन मग तुलना करा. जुने खेळ इश्यू ३ च्या (तिसऱ्या आवृत्तीच्या) बोर्डावर कीबोर्डला दाद देत नाहीत, तेही बोर्ड बिघडल्यामुळे नाही. कोणतीही कळ दाबलेली नसताना पोर्ट २५४ वर (जिथून प्रोग्रॅम कीबोर्ड वाचतो) इश्यू २ मध्ये २५५ आणि इश्यू ३ मध्ये १९१ मिळतात. खेळाच्या मशीन कोडमध्ये ‘अँड ३१’ घातले, म्हणजे फक्त कळांचे पाच बिट ठेवले, की झाले.

मशीन उघडताना कीबोर्डला बोर्डाशी जोडणाऱ्या पट्ट्या सावकाश, सरळ वर ओढा. त्या ठिसूळ झालेल्या असतात. टीव्हीवर यूएचएफ चॅनल ३६ लावा आणि आवाज टीव्हीत शोधू नका, तो मशीनमधल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

आपला,
एक वाचक, ठाणे