बीचवर पळायला सांगताय तर ओहोटीची वेळ पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिटनेसवर काही छापून आलं की एक सल्ला असतोच, वाळू मऊ असते, गुडघ्यांना त्रास होत नाही, बूट काढा आणि बिनधास्त बीचवर पळा. असंच वाचून मीपण गेलो होतो. रस्त्यावर रोज पाऊण तास पळतो म्हणून पहिल्याच दिवशी तिथे पण पाऊण तास, तोही अनवाणी, वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत. पळताना मस्त वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर टाचेच्या मागची शीर अशी आखडलेली की जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी घ्यावी लागली. नीट व्हायला दीड महिना गेला.

गुडघ्याला हादरा कमी बसतो हे खरंच आहे. पण कडक रस्त्यावर पाय कसा उसळून वर येतो, तसं कोरड्या वाळूत होत नाही, तुम्ही लावलेला जोर ती गिळूनच टाकते. टाच रुतते, पुढे रेटायला जावं तर पंजा मागे सरकतो आणि ते सगळं भरून काढायला पोटरी आणि तळवा राबतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून बघितलंय, वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा साधारण १.६ पट ऊर्जा लागते. म्हणजे माझा पाऊण तास खरं तर सव्वा तासाच्या जवळ गेला होता आणि मला पत्ताच नाही.

वाळूतलं ट्रेनिंग वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. ऑस्ट्रेलियाचा हर्ब एलियट, त्याचे कोच पर्सी सेरुटी त्याला पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवायचे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० मीटरचं गोल्ड ३ मिनिटं ३५.६ सेकंदांच्या वर्ल्ड रेकॉर्डने घेतलं. पण तो तयारीचा गडी होता, कालपर्यंत ऑफिसात खुर्चीवर बसलेला माणूस नव्हता. नवीन माणसाने कोरड्या वाळूत पाच-दहा मिनिटं पळावं, बास, आणि ते पण आठवड्यातून एखाद-दोनदा.

बाकी पळायचं ते ओल्या वाळूवर, ओहोटीला पाणी मागे हटतं तेव्हा जो घट्ट पट्टा मोकळा होतो ना, त्याच्यावर. दोन कणांच्या मधलं थोडंसं पाणी त्यांना चिकटवून धरतं म्हणून ती कडक लागते. कधी नीट बघा, पाऊल टेकलं की भोवतीची ओली वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते, कारण दाबाने कण एकमेकांपासून थोडे सुटतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. मला ते बघायला फार आवडतं, मी कितीतरी वेळा त्याच्यासाठी थांबलोय.

आणि इथेच वेळेचा प्रश्न येतो. भरतीला गेलात तर तो पट्टा पाण्याखाली, उरते ती वरची उतरती वाळू, तिच्यावर एक पाय कायम खाली आणि एक वर, मग घोटा आणि कंबर दोन्ही धरतात. (तरीही पळायचंच असेल तर निम्मं अंतर जाऊन त्याच वाटेने परत या, म्हणजे एकाच पायावर भार येत नाही.) बरं, भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोज सकाळी सहाला जाणाऱ्याला या आठवड्यात मैदान मिळतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणीच पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त आत हटतं, पट्टा चांगला रुंद मिळतो, पण परत येतं तेव्हा तेवढंच वर येतं. नवख्या माणसाला हे कोण सांगणार?

म्हणून विनंती, सूर्योदयाची वेळ छापता तिथेच शेजारी एका ओळीत ओहोटीची वेळ पण छापा, आणि पुढच्या वेळी बीचवर पळायचा सल्ला द्याल तेव्हा कुठल्या वाळूत आणि किती मिनिटं एवढं तरी त्यात लिहा.

आपला,
एक पळणारा वाचक