कोडिंग सर्वांना शिकवा, पण गणिताच्या तासाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘शाळेत सगळ्यांनाच कोडिंग कशाला?’ अशा आशयाची पत्रे गेले काही दिवस आपल्या सदरात वाचते आहे. सगळी मुले काही इंजिनीअर होणार नाहीत आणि आता तर कोड एआयच लिहून देतो, असा त्यांचा सूर. मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. माझे म्हणणे असे की, कोडिंग, म्हणजे संगणकाला पायरी-पायरीने सूचना लिहून देणे, प्रत्येक मुलाला शिकवायलाच हवे. फक्त त्याचा वेगळा विषय करू नका.

आमच्याकडे हे मैदानावर सुरू होते. गटागटाने चिठ्ठी लिहायची, एका मुलाने ‘यंत्र’ व्हायचे आणि चिठ्ठीत असेल तेवढेच करायचे. ‘पाच पावले चाल, उजवीकडे 90 अंशांत वळ, असे चार वेळा.’ चौरस लगेच जमला. मग समभुज त्रिकोण दिला. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा हे सगळ्यांना पाठ, म्हणून सगळ्याच गटांनी ‘60 अंशांत वळ, तीन वेळा’ असे लिहिले. यंत्र झालेला पोरगा इमानाने चालला आणि निघाल्या जागेपासून दहा पावलांवर जाऊन उभा राहिला! पोरांची त्याच्याशी भांडणेच जुंपली. शाळेतल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या कोडिंगच्या प्रणालीत तेच करून पाहिले, तर तिथेही आकृती उघडीच. तेव्हा कुठे पटले की चूक चिठ्ठीतच आहे. एका मुलीने तीनच्या जागी सहा घातले आणि ओरडली, “बाई, मधमाशीचं घर झालं!” त्या षटकोनाकडे बघत बराच वेळ वाद चालला आणि वळताना आतला नाही, बाहेरचा कोन मोजावा लागतो, म्हणजे 120 अंश, हे त्यांनीच शोधून काढले. बाह्यकोनाची व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. ती मुलांना अशी कळलेली मी त्या दिवशी पाहिली.

यातले किती जण पुढे संगणकावर पोट भरतील, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. आपण लिहिलेले पायरी-पायरीने तपासायचे, चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते हुडकायचे, ही सवय शेतकऱ्याच्या, नर्सच्या, दुकानदाराच्या मुलालाही हवी. आणि एआयने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे सवय नसलेला माणूस कशावरून ठरवणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचे म्हटले आहे. माझी भीती अंमलबजावणीची आहे. वेगळा विषय झाला की वेगळी खोली, वेगळे कंत्राट, बाहेरून येणारा तात्पुरता निदेशक, आणि कंत्राट संपले की खोलीला कुलूप. आमच्या भागातल्या एका शाळेत योजनेतून आलेले संगणक अजून प्लास्टिकच्या आवरणात आहेत, कारण बिल थकल्याने वीज तोडलेली. शहरातली मुले मात्र हजारो रुपये भरून खासगी क्लासला जातात. ‘ऐच्छिक ठेवा’ म्हणणाऱ्यांनी ही दरी जरा डोळ्यांसमोर आणावी.

केरळने वेगळी वाट धरली. तिथे 2001 पासून ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पातून शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले, पाठ्यपुस्तके मल्याळममध्ये काढली, फुकट वापरता येणाऱ्या मुक्त प्रणाली घेतल्या आणि दहावीला आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, सक्तीचे केले. आपल्याकडे मराठीतून एवढे का होऊ नये? स्क्रॅच तर इंटरनेटशिवायही चालते.

शिक्षण विभागाकडे माझे मागणे मोठे नाही. गणिताच्या शिक्षकांचे उन्हाळी प्रशिक्षण यासाठी ठेवा आणि ते स्लाइड दाखवून उरकू नका, आम्हाला हाताने करू द्या. शिक्षक होण्यासाठीच्या डी.एल.एड. या पदविकेच्या अभ्यासक्रमात हे आणा. सातवीच्या गणिताच्या पेपरात ‘पुढील सूचनांतील चूक शोधा’ असा एक प्रश्न घाला. पेपरात आले की शाळा शिकवतात, हे आम्हा शिक्षकांना पुरेपूर ठाऊक आहे. आणि जिल्हा परिषद शाळांचे वीजबिल शासनाने थेट भरावे. ते मुख्याध्यापकांनी पदरमोड करून किती दिवस भरायचे?

– एक शिक्षिका, ता. अकोले, जि. अहिल्यानगर