७६.५ कोटी डॉलरच्या आधीचे ३९ सामने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेसबॉलपटू हुआन सोटोच्या कराराची बातमी आपल्या क्रीडापानावर वाचली. न्यूयॉर्क मेट्स, १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. करार झाला त्या डिसेंबर २०२४ च्या दराने साधारण साडेसहा हजार कोटी रुपये. आकडे बरोबर आहेत. पण हा मुलगा तिथवर पोचला कसा, याबद्दल बातमीत एक ओळही नव्हती, आणि सगळं श्रेय नशिबाला देऊन टाकलेलं होतं. मी मूळची मिरजेची. बरीच वर्षं मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउनमध्ये राहते आणि एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. सोटो आमच्या या गावात खेळून वर गेला, म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं.

अमेरिकेत बेसबॉलचा खेळाडू थेट मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, मोठ्या संघात जात नाही. प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात, पायरीपायरीने वर जाणारे, आणि ते बहुतेक लहान गावांत असतात. सोटो १९९८ चा, डोमिनिकन रिपब्लिकच्या सांतो दोमिंगोचा. तिकडे पोरं झाडूच्या दांड्याने बाटलीची बुचं टोलवत मोठी होतात, आणि परदेशी मुलांना १६ व्या वर्षी क्लबशी करार करता येतो. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला जुलै २०१५ मध्ये घेतलं, १५ लाख डॉलर देऊन. पुढच्या वर्षी फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१७ मध्ये हेगर्सटाउन सन्स या आमच्या संघात आला.

आला आणि जखमी झाला. होमप्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, घसरत जाताना घोटा दुखावला, त्यातून सावरत असताना हाताचं हाड मोडलं. त्या वर्षी सगळे मिळून ३२ सामने. अठराव्या वर्षी, घरापासून एवढ्या लांब, भाषा न येणाऱ्या देशात आख्खा हंगाम असा वाया जाणं काय असतं, ते मैदानाबाहेरून आपल्याला नीट कळत नाही. हा मुलगा त्या काळात इंग्रजी शिकत राहिला आणि मोठ्या संघात गेल्यावर दुभाष्याशिवाय मुलाखती द्यायला लागला. मला त्याच्या होमरनइतकंच, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवण्याइतकंच, याचं कौतुक आहे.

२०१८ चा एप्रिल मात्र आम्ही इथले लोक विसरणार नाही. हेगर्सटाउनसाठी १६ सामने, ५ होमरन. मग व्हर्जिनियातला पोटोमॅकचा संघ, १५ सामने. मग पेनसिल्व्हेनियातलं हॅरिसबर्ग, ८ सामने. एकूण ३९ सामने, १४ होमरन. त्याच्या वरची, शेवटची पायरी तो चढलाच नाही. नॅशनल्सच्या हाउई केंड्रिकच्या टाचेची शीर तुटली आणि दुसऱ्याच दिवशी, २० मे रोजी, १९ वर्षांचा सोटो वॉशिंग्टनच्या मैदानावर होता. २१ तारखेला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्याने तीन धावांचा होमरन मारला.

याच्या जोडीला एक गंमत सांगते, कारण आकडेवारीवर प्रेम करणाऱ्या आपल्या वाचकांना ती आवडेल. १५ मे रोजी पावसाने थांबलेला न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्धचा सामना १८ जूनला पुढे सुरू झाला आणि सोटोने त्यात होमरन मारला. बेसबॉलच्या नियमाप्रमाणे ती नोंद १५ मेच्या नावावर पडते. म्हणजे कागदोपत्री त्याने पदार्पणाच्या पाच दिवस आधीच, हॅरिसबर्गकडून खेळत असताना, वॉशिंग्टनसाठी होमरन मारला आहे.

पण त्या पोराला बघायला आम्ही पुन्हा पुन्हा जायचो ते होमरनसाठी नाही. तो चेंडू सोडायचा कसा, ते बघायला. बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने त्यावर बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो; याला वॉक म्हणतात. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू दिवसभर सोडणारा सलामीवीर आपण बघितलेला आहे. पण इथे चेंडू दीडशे किलोमीटरच्या वेगाने येतो, शेवटच्या क्षणी वळतो, आणि चौकटीतला चेंडू सोडला तर तो स्ट्राइक धरतात, असे तीन झाले की बाद. एकोणीस-वीस वर्षांची बहुतेक मुलं हात शिवशिवतात म्हणून बॅट फिरवतात. सोटो खाली वाकून चेंडू थेट मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी पोचवायचा आणि मग पायाने मातीवर एक फराटा ओढून पिचरकडे रोखून बघायचा. पहिल्या मोसमात त्याला ७९ वॉक मिळाले आणि बेसवर पोचण्याची त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दहातल्या चार वेळा तो बेसवर पोचायचा; विशीच्या आतल्या कुठल्याही खेळाडूने एवढी गाठलेली नव्हती. २०२१ मध्ये १४५ वॉक, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. मेट्सने पैसे मोजले ते मोठ्या प्रमाणात या नजरेसाठी, असं मला ठामपणे वाटतं. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीत, जी चालू असताना तो २१ वर्षांचा झाला, ह्यूस्टनच्या उत्तम पिचरांना त्याने तीन होमरन मारले, तेही याच नजरेच्या जोरावर.

आता आमच्या मैदानाबद्दल. म्युनिसिपल स्टेडियम, १९३० चं. जून १९५० मध्ये १९ वर्षांचा विली मेज मायनर लीगमधला पहिला सामना खेळला तो इथेच, पाहुण्या ट्रेंटन संघाकडून, आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात. तो कृष्णवर्णीय म्हणून प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या, आणि संघ उतरलेल्या हॉटेलात त्याला खोली मिळाली नाही. गावाच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या हार्मन हॉटेलात राहावं लागलं. पुढच्या वर्षी मिनियापोलिसच्या मायनर लीग संघाकडून ३५ सामन्यांत त्याने .४७७ च्या सरासरीने फलंदाजी केली, म्हणजे जवळपास निम्म्या प्रयत्नांत चेंडू टोलवून बेस गाठला (याला हिट म्हणतात), आणि मे महिन्यातच मेजर लीगच्या न्यूयॉर्क जायंट्सने त्याला वर बोलावलं. पहिल्या १२ प्रयत्नांत एकही हिट नाही, मग वॉरन स्पॅन या नामांकित पिचरला होमरन. बेसबॉलमधला सर्वश्रेष्ठ आउटफिल्डर म्हणून आज त्याचं नाव घेतात. २००४ मध्ये तो हेगर्सटाउनला परत आला तेव्हा गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच मैदानावर २०११ मध्ये पुढे मेजर लीगचा तारा झालेला ब्राइस हार्पर खेळला, आणि नंतर सोटो. एका लहान गावाच्या जुन्या मैदानाने असे तीन आउटफिल्डर पाहिले.

ते मैदान आता नाही. मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली आणि २०२१ पासून संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. कापलेल्या गावांत हेगर्सटाउन होतं. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही, त्यामुळे सन्सना निरोप द्यायलाही आम्हाला सामना मिळाला नाही. मैदान पाडलं आणि तिथे इनडोअर क्रीडासंकुल बांधलं. २०२४ मध्ये गावात नवं, देखणं स्टेडियम झालं. त्यावर स्वतंत्र लीगचा संघ खेळतो, आणि मी जातेही. पण तो संघ कुठल्याही मोठ्या क्लबच्या शिडीवर नाही. वरच्या गावाला निघालेली मुलं आता आमच्याकडे थांबत नाहीत.

आणि त्या सगळ्यांचा सोटो होत नसतो, हे तर बातम्यांत कधीच येत नाही. आमच्या शेजारच्या घरी एका मोसमात असाच एक डोमिनिकन मुलगा राहायचा, लेफ्ट फील्डर. खेळाडूंना भाडं परवडत नसे म्हणून गावातली कुटुंबं त्यांना घरात ठेवून घेत. माझ्या हातचा राजमा-भात त्याला फार आवडायचा, त्याच्या घरच्यासारखा लागतो म्हणायचा. पगारातून उरेल ते आईला पाठवायचा. त्या काळी या पायरीवर किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता आणि तोही फक्त हंगामापुरता. पुढच्या मार्चमध्ये क्लबने त्याला सोडून दिलं. तो मेहनतीत कुणापेक्षाही कमी नव्हता. सोटोकडे निदान करारावेळचे १५ लाख डॉलर होते. बरोबरच्या बहुतेकांना त्याचा छोटासा अंशही मिळत नाही आणि शाळा मात्र बाराव्या-तेराव्या वर्षीच सुटलेली असते. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात किमान पगार दुपटीहून जास्त झाले. हॅरिसबर्गच्या पायरीवर २०२३ मध्ये वर्षाला किमान ३०,२५० डॉलर ठरले. क्लबला राहण्याची सोयही करावी लागते. ही बातमी माझ्या मते सोटोच्या करारापेक्षा मोठी होती, कारण ती हजारो मुलांच्या जेवणाखाण्याची होती. मराठी पेपरात मला ती कुठे दिसली नाही.

जळगाव, अमरावती, नागपूरकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुलंमुली आहेत. ती आपलं पान वाचत असतील. त्यांच्यासाठी सोटोच्या चेंडू सोडण्यावर एक लेख छापा, जमलं तर छायाचित्रांसह. हवं असेल तर मी लिहून पाठवते.

दर उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला येणारे आपले कितीतरी वाचक आहेत, त्यांनाही एक सांगते. नायगरा, न्यूयॉर्क बघून झालं की एक दिवस हॅरिसबर्गला जा. सस्क्वेहाना नदीतल्या बेटावर मैदान आहे, संघ अजूनही नॅशनल्सचा आहे. एप्रिल ते सप्टेंबर सामने असतात आणि तिकीट मोठ्या मैदानाच्या मानाने पुष्कळच स्वस्त. तिसऱ्या बेसच्या बाजूला, खालच्या रांगेत बसा. डावखुरा फलंदाज चेंडू सोडतो ते तिथून समोरून दिसतं.

आपली,
एक नियमित वाचक
हेगर्सटाउन, मेरीलँड