आमच्या टाकीतलं शेवाळ पाहायला आलेल्या काकींना

आदरणीय काकी,

समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही चहाचं आधण ठेवायला आत निघून जाता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी जी मोजकी माणसं गोव्यात आहेत, त्यांच्याही ते वाचनात यावं.

जुलैतली संध्याकाळ होती. आई भजनाहून आली आणि तिच्यामागे तुम्ही, छत्री मिटत, ओसरीवर. माझी चार फुटी, अडीचशे लिटरची टाकी तेव्हा हिरव्या केसांनी भरून गेली होती. खडक दिसत नव्हते, झोआन्थिड या फुलांसारख्या प्राण्यांची तोंडं मिटलेली होती, लेदर कोरल हे मऊ प्रवाळ आठवडाभर फुललं नव्हतं. दीड वर्ष जपलेली टाकी मी मोडायला काढली होती. आईनेच तुम्हांला ते सांगितलं असणार. तुम्ही काचेजवळ स्टूल ओढून बराच वेळ बघत बसलात आणि म्हणालात, "टाकीतलं मला काही कळत नाही. शेवाळ कळतं."

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुमचं आयुष्य गेलं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी तुम्हांला शेवाळ मारायच्या औषधाची बाटली दाखवली. ती तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. एवढं शेवाळ एकदम मेलं तर ते पाण्यातच कुजणार, प्राणवायू ओढणार आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडणार, मासेही जातील, असं सांगितलंत. त्या रात्री ती बाटली मी ओतली असती. माझी क्लाऊनफिशची जोडी आज जिवंत आहे ती त्या एका वाक्यामुळे.

मग तुम्ही पाणी तपासल्याच्या नोंदींची वही मागितलीत. शेवाळ ज्यांच्यावर पोसतं त्या दोन खतांचे आकडे त्यात होते: फॉस्फेट 0.02 पीपीएम (दहा लाख भागांत इतका भाग), नायट्रेट जवळजवळ शून्य. आकडे इतके चांगले, मग हे वाढतंय कशावर, हा माझा प्रश्न होता. तुमचं उत्तर मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो: "पंगत उठल्यावर पातेल्यात किती भात उरला ते मोजून किती शिजवला होता ते कळत नाही." शेवाळच सगळं खात होतं, म्हणून टेस्ट किटला काही उरत नव्हतं.

शिजत कुठे होतं, ते तुम्ही मला एकेक विचारत शोधायला लावलंत. पाणी कुठलं? मिरामारचं, कॅनमध्ये भरून आणलेलं. कधी आणलंस? जूनमध्ये. क्षणभर तुम्ही काहीच बोलला नाहीत. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. पावसाळ्यात तिथे अख्ख्या खोऱ्याचं पाणी येतं, शेतांतलं, खाडीकाठच्या खाजनांतलं, गटारांतलंही. पाणी गोडसर लागतं म्हणून मी त्यात मीठ मिसळून, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35 चा आकडा गाठत होतो. खारेपणा बरोबर होता, पण त्याच्याबरोबर खतही घरी येत होतं. गोठवलेली कोळंबी न धुता, तिच्या वितळलेल्या पाण्यासकट टाकायचो, तेही तुम्ही वहीत लिहून घ्यायला लावलंत. शिवाय खडकांनी दीड वर्षात फॉस्फेट पिऊन ठेवलेलं. ते हळूहळू सुटत राहणार, म्हणून आठवड्याभरात फरक दिसेल ही आशा सोड, असं तुम्ही आधीच बजावलंत. त्यामुळे पुढचे अडीच महिने मी धीर धरू शकलो.

काम साधंच होतं. आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार गाळून काढलेलं पाणी वापरायचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्यावरून हलला की गाळणीतलं रेझिन बदलायचं, दिवा अकरा तासांऐवजी सात तास लावायचा. दर रविवारी टूथब्रशने शेवाळ सोडवायचं आणि त्याच वेळी नळीने बाहेर ओढायचं, म्हणजे तुकडे टाकीभर फिरून पुन्हा रुजत नाहीत. पहिल्या रविवारी नळी तुम्ही धरली होती, काकी, त्या दिवशीचं भजन चुकवून. टर्बो गोगलगाई मी आणल्या, पण लांब वाढलेलं शेवाळ हाताने काढल्यावरच त्या कामाला लागल्या.

टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या छोट्या टाकीत, केटोमॉर्फा या धाग्यांच्या हिरव्या शेवाळाचा गुंता ठेवला तेव्हा तुमचा चेहरा असा खुलला की मला अजून आठवतो. हणजुणेच्या खडकांवर ओहोटीला मुलांना घेऊन जायचात, तिथे हिचीच बहीण सापडायची, म्हणालात. वरचा दिवा मालवला की तिचा दिवा लावायचा, म्हणजे रात्री पाण्याचा पीएच फार उतरत नाही, म्हणजे ते आम्लाकडे झुकत नाही, आणि वरच्या शेवाळाच्या तोंडचा घास हिच्या पोटात जातो. दर पंधरा दिवसांनी मूठभर उपसून फेकायची. त्या मुठीबरोबर फॉस्फेट घराबाहेर जातं.

गणेशचवथीला पाहुणे आले तेव्हा खडक दिसू लागले होते. पण नंतर माझा हात आवरला नाही. फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी मी दुप्पट केली. डिसेंबरात दोन्ही आकडे शून्यावर आले आणि वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर आला. दिवा विझल्यावर तो विरळ व्हायचा, सकाळी पुन्हा यायचा. गोगलगाई मरू लागल्या. मी त्याला डायटम हे साधं तपकिरी सूक्ष्म शेवाळ समजून अजून भुकटी टाकायच्या बेतात होतो.

तुम्ही पिशवीतून तुमचा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आलात. जेवणाच्या टेबलावर, चारशेपट मोठं करून, मी पहिल्यांदा ते पाहिलं: तिळासारख्या पेशी, एका टोकाने धाग्याला बांधल्यासारख्या, जागच्या जागी झोके घेत. "डायटम असे झुलत नाहीत," तुम्ही म्हणालात. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव होते ते, बहुधा त्यांतला ऑस्ट्रिऑप्सिस. बाकी सगळे उपाशी मरतात तिथे यांचं फावतं, हे तुम्ही सांगितलंत आणि मला भुकटी काढायला लावलीत. ज्या नायट्रेटच्या भीतीने मी सहा महिने झोपलो नव्हतो, ते मी स्वतःच्या हाताने, सोडियम नायट्रेट थेंबाथेंबाने मोजून, टाकीत घातलं. हात कापत होता. रात्री पेशी पाण्यात सुटतात म्हणून फिरत्या पाण्यातल्या पेशी मारणारा यूव्ही (अतिनील) दिवाही बसवला. महिना लागला.

आता फॉस्फेट 0.05 ते 0.08 आणि नायट्रेट 5 च्या आसपास असतं. मागच्या काचेवर थोडं शेवाळ आहे. ते मी राहू देतो.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. टाकी सुधारल्यावर मी दगडी प्रवाळाचा विषय काढला होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत, समुद्रातलं समुद्रात राहू दे, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. मऊ प्रवाळांत माझं मन रमलंय. लेदर कोरल काल रात्री जुनी कात टाकून पुन्हा फुललं. आई तुम्हांला फोन करायला निघाली होती, उशीर झाला म्हणून मीच थांबवलं.

तुमच्या दोन काचपट्ट्या माझ्याकडे राहिल्यात. रविवारी भजनाच्या आधी घेऊन येतो, आणि सोबत केटोमॉर्फाची एक मूठ, भिंगाखाली पाहायला. चहा मात्र त्या दिवशी मी करणार.

देव बरें करूं.

तुमचा,
शेजारच्या आळीतला, खाऱ्या टाकीवाला